दिवाळीआधीच्या शिंका

घटस्थापनेपासून घराघरांत साफसफाई निघते. माळ्यावरचे डबे खाली येतात, जळमटं निघतात, गाद्या उलथ्यापालथ्या होतात आणि घरातलं एखादं माणूस शिंकांनी बेजार होतं. बहुतेक घरांत ते माणूस म्हणजे झाडू हातात असलेली बाईच. ‘तिची प्रकृतीच सर्दीची’ एवढं बोलून बाकीचे मोकळे होतात, याचं मला फार वाईट वाटतं.

पण सर्दी आणि अ‍ॅलर्जी यांत फरक आहे. विषाणूची सर्दी असेल तर अंग मोडून येतं, कधी कणकण असते आणि आठ-दहा दिवसांत माणूस हिंडूफिरू लागतं. अ‍ॅलर्जीत ताप नसतो. सकाळी उठल्याउठल्या शिंकांची माळ लागते, नाकातून पाण्यासारखी धार वाहते, डोळे चुरचुरतात, टाळूला खाज सुटते आणि हे आठवडेच्या आठवडे चालतं. तळहाताने नाक खालून वर चोळत राहणारं मूल नीट पाहा. त्याच्या नाकावर आडवी रेघ उमटलेली दिसेल, डोळ्यांखाली काळसर छाया असेल. अशा मुलाला दर महिन्याला अँटिबायोटिक पाजून काहीच साधत नाही.

आपल्या दमट हवेत या त्रासाचं एक मोठं कारण गादी-उशीत असतं. डस्ट माइट हे डोळ्यांना न दिसणारे, आठ पायांचे जीव आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात. ते पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावाच शोषून घेतात. म्हणून पावसाळ्यात त्यांचं फावतं. त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांना काहींचं शरीर शत्रू समजतं आणि त्याविरुद्ध आयजीई प्रतिपिंडं तयार करून ठेवतं. पुढच्या वेळी तोच कण नाकात गेला की हिस्टामिन सुटतं आणि शिंका सुरू होतात.

गाद्या कडक उन्हात टाकण्याची जुनी रीत म्हणूनच योग्य आहे. माइट मेले तरी विष्ठा उरते, तेव्हा झटकणंही हवं. पण ते त्रास नसलेल्याने, घराबाहेर करावं. चादरी-अभ्रे दर आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुवावेत, कोरड्या झाडूऐवजी ओलं फडकं वापरावं. आणि माळ्यावर यंदा नवऱ्याने किंवा मोठ्या मुलाने चढावं. हाही उपचारच आहे.

सिट्रिझिनसारख्या गोळीने शिंका आणि खाज थांबतात, चोंदलेलं नाक मात्र तितकं सुटत नाही. त्यासाठी डॉक्टर स्टेरॉइडचा फवारा देतात. त्याचा पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडेही लागतात आणि लोक तो तिसऱ्या दिवशीच सोडून देतात. उलट, नाक झटक्यात मोकळं करणारे थेंब चार-पाच दिवसांपलीकडे वापरले की त्यांच्यामुळेच नाक पुन्हा चोंदतं.

रात्री खोकला, छातीत घरघर, जिना चढताना धाप अशी लक्षणं असतील तर दम्याची तपासणी लगेच करून घ्या. दम्याच्या पंपाची (इनहेलरची) सवय लागते, ही भीती निराधार आहे. तो श्वासनलिकेची सूज उतरवतो. मुलीचं लग्न ठरेपर्यंत पंप लपवणारी घरं आजही आहेत. त्या मुलींच्या आयांना माझी विनंती आहे, तिचा पंप तिच्या पर्समध्ये, हाताशी राहू द्या.