यंत्रांची हजेरी



शाळेतला पहिला तास डोळ्यांपुढे आणा. बाई हजेरीपट उघडतात. "एक?" "हजर!" "दोन?" "हजर, बाई!" "तीन?"... शांतता. बाई मान वर करून बघतात, पुन्हा एकदा "तीन?" म्हणतात आणि गैरहजेरीची खूण करून पुढे "चार?" विचारतात.

आता या हजेरीचे नियम आठवून पाहा बरं! विचारायचं फक्त बाईंनी. ज्याचा नंबर पुकारला, त्यानंच बोलायचं. एका वेळी एकानंच बोलायचं. आणि एका वर्गात एकाच नंबरची दोन मुलं असून चालायचं नाही. हे नियम फळ्यावर कुणी लिहीत नाही, पण ते पाळले नाहीत तर वर्गाचा मासळीबाजार होईल, हो की नाही?

कारखान्यातली यंत्रंही अशीच हजेरी देतात, असं मी म्हटलं तर तुम्ही हसाल. पण थट्टा नाही, बरं का! त्यांची ही बोलणी जुळवून देणं हेच माझं काम. आज त्याची गोष्ट सांगतो, आणि माझी एक चूकही कबूल करतो.

एका दूध शीतकरण केंद्रात मी काम घेतलं होतं. आसपासच्या गावांतून संध्याकाळी शेतकरी दूध घेऊन येत. कुणाची एक म्हैस, कुणाच्या दोन गाई. धारेचं दूध कोमट असतं. ते लवकरात लवकर ४ अंश सेल्सियसच्या आसपास आणून ठेवलं नाही, तर त्यातले जीवाणू भराभर वाढतात आणि दूध नासतं. म्हणून तिथं गार करणाऱ्या चार मोठ्या टाक्या होत्या. प्रत्येक टाकीच्या पॅनेलवर तापमान दाखवणारं एक छोटं यंत्र. केंद्राला हवं होतं काय, तर चारही टाक्यांचं तापमान ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर एकत्र दिसावं. अशा कामासाठी जे सॉफ्टवेअर असतं, त्याला 'स्काडा' म्हणतात.

तुम्ही म्हणाल, "त्यात काय? वायर जोडली की झालं!" मलाही विद्यार्थी असताना असंच वाटायचं. पण दोन माणसांना एका खोलीत बसवलं म्हणून ती बोलायला लागतात का? एकाला फक्त मराठी येत असेल आणि दुसऱ्याला फक्त तमिळ, तर खोलीचा काय उपयोग? यंत्रांनाही आधी भाषा ठरवून द्यावी लागते.

आम्ही वापरली ती भाषा 'मॉडबस'. अमेरिकेतल्या मॉडिकॉन कंपनीनं ती १९७९ साली प्रसिद्ध केली. याच कंपनीनं त्याआधी 'मॉडिकॉन ०८४' नावाचा, कारखान्यातली यंत्रं चालवणारा एक छोटा कॉम्प्युटर बनवला होता. अशा कॉम्प्युटरला पीएलसी म्हणतात. ज्या संस्थेत त्याचा जन्म झाला, तिथला तो ८४ वा प्रकल्प, म्हणून नाव ०८४! मॉडबस कुणालाही वापरायला मोकळी होती आणि शिकायला सोपी, म्हणून आजही ती जगभरच्या कारखान्यांत बोलली जाते. विचारणाऱ्याला पूर्वी 'मास्टर' म्हणत. २०२० सालापासून मॉडबसची संस्था 'क्लायंट' हा शब्द वापरते. आपण आपल्या सोयीसाठी 'बाई' म्हणू या.

तर सॉफ्टवेअरमध्ये एक तक्ता उघडतो आणि त्यातले रकाने आपण भरायचे असतात. एकेक रकाना पाहू.

पहिला रकाना वेगाचा. वायरीवरून जातात ते फक्त ० आणि १. त्यांना बिट म्हणतात. सेकंदाला किती बिट पाठवायचे, हे इथं ठरतं. याला 'बॉड रेट' म्हणतात. एमिल बोदो नावाचा फ्रेंच तारयंत्र-इंजिनिअर होऊन गेला, त्याच्या नावावरून हा शब्द आला. आम्ही वेग ठेवला ९६००. म्हणजे एक बिट सेकंदाच्या सुमारे दहा हजाराव्या भागात संपतो! आता समजा, यंत्र ९६०० च्या वेगानं बोलतंय आणि कॉम्प्युटर १९२०० च्या वेगानं ऐकतोय. मग एक बिट जायच्या वेळात कॉम्प्युटर दोन बिट मोजणार. सगळी गडबड!

दुसरा रकाना 'पॅरिटी'चा. हा भारी गमतीचा आहे. वायरीजवळ एखादी मोठी मोटर सुरू झाली, तर वाटेत ० चा १ किंवा १ चा ० होऊ शकतो. तो पकडायचा कसा? युक्ती अशी की पाठवणारा आठ बिटांमधले १ मोजतो आणि एक जादा बिट असा जोडतो, की एकूण १ ची संख्या सम व्हावी. उदाहरणार्थ, ०००००१११. यात १ किती? तीन, म्हणजे विषम. म्हणून जादा बिट १. झाले चार. ऐकणाऱ्यानं मोजले आणि तीन किंवा पाच निघाले, तर समजायचं की वाटेत काहीतरी बिघडलं.

पण हुशार वाचक विचारेल, "दोन बिट एकदम उलटले तर?" शाबास! तर संख्या समच राहील आणि चूक सुटून जाईल. म्हणूनच मॉडबसच्या प्रत्येक निरोपाच्या शेवटी दोन बाइट निव्वळ तपासणीसाठी असतात. सगळ्या निरोपावर एक ठरलेलं गणित करून त्याचं उत्तर तिथं लिहितात. ऐकणारा तेच गणित पुन्हा करतो. उत्तर जुळलं नाही, की निरोप टाकून देतो.

तिसरा रकाना नंबराचा. मॉडबसमध्ये १ ते २४७ हे नंबर देता येतात. तुमच्या रोल नंबरासारखेच! नवीन यंत्रं कारखान्यातून येतात ती बरेचदा सगळी १ नंबर घेऊनच. ती तशीच जोडली, तर बाईंनी "एक?" म्हटलं की चौघं एकदम "हजर!" म्हणून ओरडणार आणि कुणाचंच धड ऐकू येणार नाही. म्हणून आधी प्रत्येक यंत्राचं बटण दाबून त्याला वेगळा नंबर द्यायचा.

चौथ्या रकान्यात लिहायचं, यंत्राच्या कुठल्या खणातला आकडा हवा ते. इथं भलेभले फसतात. आपल्याकडे इमारतीत तळमजला असतो आणि त्याच्यावर पहिला मजला. काही देशांत मात्र जमिनीवरच्या मजल्यालाच पहिला म्हणतात. मॉडबसचं तसंच आहे. यंत्राच्या पुस्तिकेत '४०००१' असं छापलेलं असतं, पण वायरीवरून त्याला ० म्हणून हाक मारावी लागते. "एक नंबर, तुझ्या पहिल्या खणातला एक आकडा सांग," हा प्रश्न वायरीवर असा दिसतो: ०१ ०३ ०० ०० ०० ०१, आणि शेवटी तपासणीचे दोन बाइट. पहिला ०१ हा यंत्राचा नंबर. ०३ म्हणजे 'खण वाच'. मग कितव्या खणापासून (शून्य!) आणि किती खण (एक). या मजल्यात चूक झाली, तर शेजारच्या खणातला आकडा येतो आणि आपण तोच तापमान म्हणून वाचत बसतो.

आलेला आकडाही जपून वाचावा लागतो. खणात ० ते ६५५३५ एवढेच पूर्णांक मावतात. दशांश चिन्हाला तिथं जागाच नाही. म्हणून यंत्र ४.१ अंशांच्या ऐवजी ४१ पाठवतं. दहानं भागायचं काम आपलं. आणि तापमान शून्याखाली एक अंश गेलं तर? यंत्र पाठवेल ६५५२६! कारण उणे १० हा आकडा तिथं ६५५३६ मधून १० वजा करून लिहितात. हे सॉफ्टवेअरला सांगितलं नाही, तर पडद्यावर दुधाचं तापमान साडेसहा हजार अंश दिसेल. असली चूक निदान लगेच लक्षात तरी येते. खरी भीती वेगळ्याच चुकीची असते. तिच्याकडेच आता येतो.

पाचवा रकाना: उत्तराची वाट किती वेळ पाहायची? एक प्रश्न आणि त्याचं उत्तर मिळून पंधरा बाइट होतात. ९६०० च्या वेगानं त्यांना सेकंदाचा सुमारे साठावा भाग पुरतो. पण यंत्राला विचार करायलाही थोडा वेळ लागतो ना! मी वाट पाहायची वेळ फारच कमी ठेवली होती. यंत्र कधीकधी उशिरा उत्तर द्यायचं. तोवर कॉम्प्युटरनं त्याला गैरहजर ठरवलेलं असायचं, आणि पडद्यावर तापमानाच्या जागी क्षणभर नुसत्या फुल्या चमकायच्या. केंद्रातले लोक कुरकुरायला लागले, "साहेब, हे फुल्या फुल्या काय येतंय सारखं?"

खरं तर मी वाट पाहायची वेळ वाढवायला हवी होती. पण मला घरी जायची घाई होती. सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक सोय होती: उत्तर आलं नाही, तर मागचाच आकडा दाखवत राहा. मी त्यावर खूण केली. फुल्या गेल्या. पडदा कसा छान, स्वच्छ दिसायला लागला. सगळे खूश. मीसुद्धा.

पुढची हकिकत रात्रपाळीच्या काकांनी मला नंतर सांगितली. पावसाळ्याचे दिवस. रात्री वीज गेली आणि आली. त्या झटक्यात तिसऱ्या टाकीच्या पॅनेलचा मुख्य खटका पडला. म्हणजे त्या टाकीचं गार करणारं यंत्रही बंद आणि तापमान सांगणारं यंत्रही बंद! बाकीच्या तीन टाक्यांची घरघर चालूच होती, त्यामुळे आवाजात काही फरक कळला नाही. कॉम्प्युटरला बॅटरीचा आधार होता. तो तिसऱ्या टाकीला विचारत होता, उत्तर येत नव्हतं, आणि मी शिकवल्याप्रमाणे तो मागचाच आकडा दाखवत होता. ४.१. छान, गार ४.१!

दीड तासानं काकांचं लक्ष गेलं. शाळा त्यांनी चौथीतच सोडलेली. पण पडद्याकडे बघता बघता ते जोडीदाराला म्हणाले, "बाकीचं आकडं जरा तरी हालत्यात. चार पॉइंट शून्य, चार पॉइंट दोन, परत एक. ह्यो तीन नंबर मगाधरनं हूं का चूं करंना. आकडा मेलाय वो ह्यो."

ते उठले, टाकीचं झाकण उघडून हातातल्या थर्मामीटरनं दूध मोजलं, आणि पडलेला खटका शोधून वर केला. टाकीला जाड आवरण असतं, म्हणून दूध अजून फारसं तापलं नव्हतं. वाचलं. पण सकाळपर्यंत कुणी पाहिलं नसतं आणि त्यातच सकाळचं कोमट दूध ओतलं असतं, तर? शेकडो घरांची एका दिवसाची कमाई गटारात गेली असती, आणि पडद्यावर मात्र ४.१ तसाच हसत राहिला असता.

दुसऱ्या दिवशी मी तिथं गेलो. काका मला काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "साहेब, त्या फुल्याच बऱ्या होत्या." मला फार लाज वाटली.

मग मी काय केलं? 'मागचा आकडा दाखवत राहा' ही खूण काढून टाकली. वाट पाहायची वेळ वाढवली. तीनदा विचारूनही उत्तर आलं नाही, तर आकडा पुसून लाल फुली दाखवायची आणि भोंगा वाजवायचा, असं ठरवून दिलं. शिवाय प्रत्येक आकड्याच्या शेजारी तो किती वाजता आला ती वेळही लिहिली. १९९६ साली 'ओपीसी' नावाची एक पद्धत आली. तिच्यात प्रत्येक आकड्याबरोबर तो विश्वासाचा आहे की नाही आणि तो कधीचा आहे, या दोन गोष्टीही पाठवतात. ती सोय उगाच केलेली नाही, हे मला त्या दिवशी खरं कळलं.

घरातल्या भिंतीवरचं घड्याळ पाहा. दहा वाजून दहा मिनिटं झालीत, हे तास आणि मिनिटकाटा सांगतो. पण घड्याळ चालू आहे, हे कोण सांगतं? सेकंदकाटा! त्याची टिकटिक थांबली, की बाकीचे काटे कितीही ऐटीत उभे असोत, त्यांचं ऐकायचं नाही. म्हणून पुष्कळ कारखान्यांत पीएलसीमध्ये मुद्दाम एक आकडा ठेवतात, जो दर सेकंदाला एकानं वाढतो. त्याचा दुसरा काही उपयोग नसतो. तो वाढतोय, म्हणजे पलीकडे कुणीतरी जागं आहे.

आता या रविवारी एक खेळ खेळा. एकजण बाई, चौघं यंत्रं. प्रत्येकानं आपल्या कागदावर एक आकडा लिहायचा आणि हवा तेव्हा गुपचूप बदलायचा. बाईंनी नंबरवार विचारायचं आणि वहीत लिहायचं. मध्येच एकानं गुपचूप बोलणं बंद करायचं. पहिल्या डावात बाईंनी गप्प बसणाऱ्याचा मागचाच आकडा लिहायचा, दुसऱ्या डावात फुली मारायची. मग दोन्ही डावांच्या वह्या आईला किंवा बाबांना दाखवा आणि विचारा, "कोण गप्प बसलं होतं, ओळखा पाहू?" पहिली वही जास्त स्वच्छ दिसेल. ओळखता मात्र दुसरीवरूनच पटकन येईल.

आणि हो, तिसरीत असताना तुम्ही एखाद्या गैरहजर मित्राच्या नंबराला कधी "हजर!" म्हणाला असाल, तर ते आता पुरे, बरं का!