‘रिस्टोअर’ आहे म्हणून निर्धास्त राहू नका

लॅपटॉप रुसून बसला, की घरातला एखादा जाणकार पुतण्या म्हणतो, “थांबा काकू, रिस्टोअर मारतो.” थोड्या वेळात गाडी रुळावर येते आणि आपल्याला वाटतं, काहीही बिघडलं तरी हे बटण आहेच की! गफलत होते ती इथेच.

विंडोजमधलं ‘सिस्टिम रिस्टोअर’ २००० साली विंडोज एमईबरोबर आलं. ते विंडोजच्या फायली, ड्रायव्हर आणि सेटिंग्ज आधीच्या तारखेला नेऊन ठेवतं. एखाद्या अपडेटनंतर प्रिंटर चालेनासा झाला, तर त्याचा खरंच उपयोग होतो. पण बारशाचे फोटो, सातबाऱ्याचं स्कॅन, आजोबांच्या आवाजातलं रेकॉर्डिंग यांना ते हातही लावत नाही. चुकून डिलीट झालेला फोटो रिस्टोअर करून परत मिळत नाही.

दुसरी अडचण जागेची. रिस्टोअर पॉइंट त्याच डिस्कवर साठवले जातात. म्हणजे सुटी किल्ली घरातच ठेवून बाहेरून कुलूप लावल्यासारखं! डिस्क जळाली किंवा लॅपटॉप चोरीला गेला, तर किल्लीही गेली. सप्टेंबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यात बंगळुरूत धो धो पाऊस झाला. आमच्या मारतहळ्ळीच्या आउटर रिंग रोड पट्ट्यात पाणी भरलं, लोक ट्रॅक्टरवर बसून ऑफिसला निघाले. भिजलेल्या डिस्कपुढे कुठलंही रिस्टोअर बटण काय करणार? शिवाय खंडणी मागणारे बरेचसे व्हायरस आधी हे रिस्टोअर पॉइंटच पुसून टाकतात.

“माझं सगळं क्लाउडवर सिंक होतं,” असं काही जण म्हणतील. त्यांच्यासाठी न्हावा-शेवाची गोष्ट. २७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ नावाचा व्हायरस जगभर पसरला. त्यात मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोलमडली आणि जेएनपीटीमधल्या तिच्या समूहाच्या टर्मिनलचं कामही अडलं. नेटवर्कवर कोणाला प्रवेश द्यायचा हे ठरवणारे मर्स्कचे सुमारे १५० सर्व्हर होते. ते एकमेकांशी सिंक होत असल्यामुळे त्यांचा वेगळा बॅकअप घेतला नव्हता. एक गेला तर दुसरा आहेच, हा हिशोब. पण व्हायरसने सगळे एकदमच पुसले. वाचला फक्त घानामधला एक, कारण वीज गेल्यामुळे तो त्या वेळी नेटवर्कवर नव्हता! त्याच्याच आधारावर कंपनीने नेटवर्क पुन्हा उभं केलं.

यातून घरासाठी घ्यायचा धडा साधा आहे. सिंक म्हणजे आरसा. इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं. ट्रॅशमधून काही दिवस परत मिळतं, पण मुदत संपली की तेही नाही. बॅकअप म्हणजे वेगळी, स्वतंत्र प्रत.

यासाठी ३-२-१ चा नियम लक्षात ठेवा. महत्त्वाच्या गोष्टींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक घराबाहेर. म्हणजे एक लॅपटॉपमध्ये, एक एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर आणि एक क्लाउडवर किंवा गावी भावाकडे ठेवलेल्या डिस्कवर. काम झालं की हार्ड डिस्क काढून कपाटात ठेवा. सतत जोडलेली राहिली, तर व्हायरस तिच्यापर्यंतही पोहोचतो. महिन्यातला एक रविवार यासाठी ठरवून टाका.

रिस्टोअर बंद करा असं मी म्हणत नाही, उलट ते चालू आहे ना हे एकदा तपासा. अनेक लॅपटॉपवर ते मुळातच बंद असतं. पण त्याच्याकडून यंत्र दुरुस्त होण्याचीच अपेक्षा ठेवा. आणि बॅकअप घेतलात, तर त्यातला एखादा फोटो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहा. तो उघडला, तरच बॅकअप आहे असं समजा.