प्रार्थना दिसते, मजुरी का दिसत नाही?

स्थलांतरित मजुरांची प्रार्थनासभा भरली की दोन प्रकारची माणसे अस्वस्थ होतात. एकांना तीत कारस्थान दिसते. दुसऱ्यांना, म्हणजे आपल्यातील अनेक पुरोगाम्यांना, निव्वळ अफू. सभेत बसलेल्या माणसाच्या श्रमाचे मोल काय झाले, हे दोघेही विचारीत नाहीत.

इतिहास काय सांगतो? पेंटेकोस्टल पंथाचा उगम सामान्यतः १९०६ च्या लॉस एंजेलिसमधील सभांत मानला जातो. त्यांचा नेता विल्यम सीमूर हा मुक्त गुलामांचा मुलगा. परंतु त्याआधी वर्षभर, १९०५ मध्ये, पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये तशीच जागृती झाली होती. तेथील अनेक मुली १८९६-९७ च्या व त्यानंतरच्या दुष्काळाने देशोधडीला लागलेल्या होत्या. रमाबाईंनी त्यांना प्रार्थनेबरोबरच छापखाना, विणकाम आणि शेतीही शिकवली. केडगावची वार्ता मिनी एब्रम्स यांच्या पुस्तिकेतून चिलीपर्यंत गेली व १९०९ मध्ये तेथेही हा पंथ उभा राहिला. आखातातील मल्याळी कामगारांतही आज त्याच्या मंडळ्या आहेत. परमुलखात ज्याला कोणी ओळखत नाही, त्याला तेथे नावाने हाक मारली जाते. या प्रसारामागील हे सामाजिक कारण आपण समजून घेतलेच पाहिजे.

आता हिंगोलीकडे पाहू. सेनगाव-कळमनुरीच्या तांड्यांतून माणसे उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’; म्हणजे बाईच्या श्रमाला हिशेबात स्वतंत्र स्थानच नाही. या मजुराचे बालपण, आजारपण आणि म्हातारपण हिंगोली जिल्हा पोसतो. त्याच्या घामातून निघणारे वरकड मूल्य मात्र कारखान्याच्या मुलखात राहते. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, हे खरे. पण दर वाढला तरी उचलीची बेडी तशीच राहते.

कायदाही मागे सरला आहे. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा पाच मजुरांपासून लागू होई आणि विस्थापन भत्ता देई. त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या संहितेने ती मर्यादा दहावर नेली आणि तो भत्ताच वगळला. प्रार्थनासभेवर गदारोळ करणाऱ्यांपैकी किती जण या कलमांवर बोलले?

मजुराला धीर देणे प्रार्थनेला जमेल. त्याची मजुरी ठरवून घेणे हे संघटनेचेच काम आहे. ज्या जिल्ह्यात नरसी नामदेव आहे आणि ज्या संताची पदे पंजाबातील गुरू ग्रंथसाहिबात आहेत, तेथे श्रद्धा सरहद्द ओलांडते हे वेगळे सांगायला नको. प्रार्थनामंडळी मजुराबरोबर परमुलखात जाते; मग आपली युनियन तालुक्याच्या वेशीवर का थांबते? कार्यकर्त्यांनी हंगामात कोप्यांवर जावे, प्रत्येक बाईचे नाव हिशेबात स्वतंत्र लिहून घ्यावे, उचलीची आणि तोडलेल्या टनांची लेखी पावती मागावी. तेवढे केल्यावरच आपल्याला मजुराच्या देवाविषयी बोलण्याचा अधिकार पोहोचतो.