किल्लारीनंतर दगडाला दोषी ठरवले, आणि विषय संपवला

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि आजच्या धाराशिव जिल्ह्यात झालेल्या भूकंपाने हजारो माणसे दगडमातीच्या ढिगाऱ्याखाली गाडली गेली. त्या दिवसापासून मराठवाड्याच्या मनातून दगडी घर उतरले ते कायमचे. ती भीती कोणालाही समजण्यासारखी आहे. पण जुने ते धोक्याचे आणि सिमेंटचे ते सुरक्षित, हा तिच्यातून निघालेला निष्कर्ष तपासून पाहायला हवा होता. भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या किल्लारी परिसरातील भिंती दोन-अडीच फूट जाड असत. मात्र आतला आणि बाहेरचा असे दोन थर वेगवेगळे रचून मधल्या पोकळीत गोटे आणि चिखल भरलेला असे. दोन्ही थरांना धरून ठेवणारे, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हतेच. वर माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे ओझे, आणि गळती थांबवण्यासाठी वर्षानुवर्षे त्यावर चढत गेलेली पांढरी माती. जमीन हलल्यावर भिंती फुगून फुटल्या आणि ते सगळे ओझे झोपलेल्या माणसांवर आले. याच गावांत भिंती ढासळल्यावरही खांब-तुळयांचे लाकडी सांगाडे जागेवर उभे राहिलेले आढळले. म्हणजे धोका परंपरेत होता, तसा त्यावरचा उपायही तिच्यातच होता. भारतीय मानक ब्युरोने त्याच १९९३ साली अशा साध्या बांधकामांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. आरपार दगड, कोपऱ्यांची नीट बांधणी, दारे-खिडक्यांच्या वरून घरभर फिरणारा सलग पट्टा, हे सारे त्यांत आहे. हे ज्ञान गावच्या गवंड्यापर्यंत पोहोचवण्याचे काम नेटाने झाले असते, तर मराठवाड्यातील घर आज वेगळे दिसले असते. आपण स्थानिक बांधकामविद्येला सुधारण्याची संधी न देताच निकालात काढले, आणि हे लोकांच्या आवडीपेक्षा सरकारी पैशाच्या वाटेने जास्त घडले, असे माझे म्हणणे आहे.

ही वाट आजही तशीच आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात आणि घर किमान २५ चौरस मीटरचे असावे लागते. योजनेच्या मार्गदर्शिकेत पक्के घर म्हणजे वाजवी देखभालीने किमान ३० वर्षे टिकणारे घर, इतकेच म्हटले आहे. काँक्रीटची सक्ती नाही. प्रत्यक्षात मात्र हप्ता सोडणाऱ्या यंत्रणेला ओळखीचे एकच घर असते: चार भिंती, वर स्लॅब. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि रत्नागिरीत जूनपासून धो-धो पाऊस कोसळतो, तरी दोन्हीकडे उभे राहते ते हेच घर. चार-पाच इंचांचा उघडा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री, माणूस पाठ टेकतो तेव्हा, ती उष्णता खाली सोडत राहतो. माळवदाखाली जाड मातीमुळे ही झळ आत येत नसे आणि छतातल्या साण्यातून कोंदट हवा वर निघून जाई. पडवी, खळे, गोठा, धान्याची जागा यांना तर या हिशेबात स्थानच नाही. भूकंपानंतर वसवलेल्या गावांत लोकांनी नव्या घरांपुढे पत्र्याची छपरे, चुली आणि गोठे स्वतःच्या खर्चाने उभे केले. नकाशात काय राहून गेले होते, ते त्यावरून कळते.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप बायकांच्या कष्टांचा आहे. शेणाने सारवणे, भिंती लिंपणे, पावसाआधी घराची डागडुजी, हे विनामोबदला श्रम बहुतांशी त्यांच्याच वाट्याला आले आणि त्यांतून सुटका हवी असे त्यांना वाटणे शंभर टक्के रास्त आहे. स्लॅब ही गावात प्रतिष्ठाही आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या कुडाच्या भिंतीआड राहिलेल्या कुटुंबाला ती नाकारण्याचा अधिकार शहरातल्या पर्यावरणप्रेमींना नाही. मातीची घरे सध्या हौशी फार्महाउसवाल्यांची होत चालली आहेत, ही टीकाही खरी आहे. पण या आक्षेपांतून मागणी निघते ती कमी देखभालीच्या, टिकाऊ, मानाच्या घराची. ती पुरी करायला तापणारा स्लॅब हाच एक मार्ग नव्हे. निसर्ग चक्रीवादळाचा दाखलाही असाच वाचावा लागेल. ३ जून २०२० रोजी रायगड आणि दापोली परिसरात कौले आणि पत्रे उडाले, स्लॅब टिकले. तेव्हा लोकांनी स्लॅबकडे वळणे साहजिक होते. तरीही उतरते छप्पर भिंतीतल्या पट्ट्याला लोखंडी पट्ट्यांनी जखडणे, पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून सुटे ठेवणे, म्हणजे वारा पडवी घेऊन गेला तरी घर शाबूत राहील, हे फार खर्चाचे उपाय नव्हेत. चिऱ्याची भिंत कोकणात आजही बांधली जाते. तिच्यावरच्या छपराची जोडणी तेवढी मागे राहिली.

लाकूड महागले, कुडाच्या भिंतींसाठी लागणारी कारवी तोडायला जंगलात मुभा नाही, जुने सुतार उरले नाहीत. म्हणून जुन्या घराची नक्कल करणे मलाही अशक्य वाटते. पण सिमेंट वापरूनही तत्त्व राखता येते. लॉरी बेकर यांनी केरळात स्लॅबच्या खालच्या भागात, जिथला ताण काँक्रीट नव्हे तर लोखंडी सळ्या पेलतात, तिथे कौले बसवून छत स्वस्त आणि थंड करून दाखवले. केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेही ‘पहल’ या संग्रहात देशाच्या निरनिराळ्या भागांसाठी स्थानिक सामग्रीच्या घरांचे नमुने दिले आहेत. ते पंचायत समितीच्या अभियंत्याच्या अंदाजपत्रकात उतरले पाहिजेत. छपराखालचे तापमान आणि भिंतींतला सलग भूकंपरोधक पट्टा हे घरकुलाच्या तपासणीचे मुद्दे व्हावेत, पडवी अनुदानात धरावी, आणि मजबूत जुन्या घराच्या दुरुस्तीलाही नव्या घराइतक्याच सहजपणे पैसे मिळावेत. याच योजनेत गवंड्यांना ४५ दिवसांचे प्रशिक्षण दिले जाते. मराठवाड्यातील तुकडीला त्यात दगडी भिंतीत आरपार दगड कुठे आणि किती घालायचा, हे हाताने करायला लावावे. दगड तिथे अजून बांधाबांधावर पडून आहे.