डिकी पडते तेव्हा

गेल्या पौषातील एक पहाट. नंदुरबारच्या परिसरात मिरचीच्या पथाऱ्या लालभडक पसरल्या होत्या आणि आम्ही शहाद्याच्या एका व्यापाऱ्याकडे मिरचीचे नमुने आणि तूरडाळीचे दोन कट्टे घेऊन निघण्याच्या गडबडीत होतो. आमची गाडी जुनी. तिच्या मागच्या दाराला, ज्याला आपण सारेच डिकी म्हणतो, एक खोड जडली होती. उघडली की क्षणभर वर राही आणि मग हळूहळू खाली येई. पेढीवरचा मुलगा ती डोक्याने तोलून धरी आणि दोन्ही हातांनी माल आत सरकवी. हे दृश्य मी तीन-चार महिने नित्य पाहत होतो. खरे सांगायचे तर त्यात काही वावगे आहे असे मला वाटलेच नव्हते.

त्या पहाटे डिकी हळूहळू आली नाही, एकदम आली. कुलपाचे लोखंड त्याच्या कपाळाला लागले आणि तीन टाके पडले. दवाखान्याच्या बाकावर बसलो असता वडीलबंधू एवढेच म्हणाले, "हिशेब चुकला तुझा." दोन नव्या शॉकरची किंमत मी वाचवली होती, त्या दिवसाचे दवाखान्याचे बिल तिच्याहून अधिक झाले. पैशाचे मी प्रथम लिहिले, कारण आपल्या घरांत तेच प्रथम मोजले जाते. मुलाने मात्र एका शब्दानेही तक्रार केली नाही. त्याने ती करायला हवी होती असे मला आजही वाटते.

डिकीच्या दोन्ही बाजूंना ज्या काळ्या नळ्या असतात, त्यांना गॅरेजमध्ये शॉकर किंवा शॉकअप म्हणतात. आत स्प्रिंग असावी असा अनेकांचा समज असतो. स्प्रिंग नसते, मोठ्या दाबाने कोंडलेला नायट्रोजन वायू असतो आणि थोडेसे तेल. तो वायू चकचकीत दांडीला सतत बाहेर ढकलत राहतो, आणि तेल दाराची गती संथ ठेवून तोंडाशी असलेले रबरी सील ओले राखते. वर्षे लोटली की सील झिजते आणि वायू कणाकणाने निसटू लागतो. म्हणून डिकी एका दिवसात बिघडत नाही. ती आधी अर्ध्यावर थांबेनाशी होते, मग वर नेताना जड लागते, मग पडते. आपण मात्र शेवटची पायरी येईपर्यंत सवयीने निभावून नेतो.

तराजूशी ज्याचा रोजचा संबंध आहे त्याला यातील गणित चटकन समजेल. दाराचे वजन बिजागरीपासून दूर असते आणि शॉकर मात्र बिजागरीच्या अगदी जवळ टेकलेला असतो. म्हणजे काट्याच्या लांब भुजेवर माल आणि आखूड भुजेवर वजन. समजा दार पंधरा किलोचे आहे, त्याचा भार बिजागरीपासून पन्नास सेंटिमीटरवर आहे आणि शॉकरचा जोर पंधरा सेंटिमीटरवरून लागतो. मग दार आडवे तोलायला दोन्ही शॉकरनी मिळून पन्नास किलोचा जोर लावावा लागेल, प्रत्येकी पंचवीस. नळीवर छापलेला न्यूटनचा आकडा दहाने भागला की साधारण किलो निघतात. एका बाजूचा शॉकर पूर्ण गेला तरी दुसरा काही दिवस एकट्याने ओझे वाहतो आणि तोही लवकर थकतो. त्यामुळे एकच बदलण्याची काटकसर फुकट जाते.

हिवाळ्याचाही यात वाटा असतो. कोंडलेला वायू गार झाला की त्याचा दाब उतरतो. चाळीस अंशांच्या उन्हात जो जोर मिळतो तो दहा अंशांच्या पहाटे सुमारे दहा टक्क्यांनी कमी भरतो. आपल्या जिल्ह्यात चैत्र-वैशाखात पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि पौषात पहाटे हात गारठतात. तेव्हा दुपारी तग धरणारी डिकी पहाटे दगा देते, यात नवल नाही. उन्हात तपासून "ठीक आहे" म्हणू नये. पहाटे, गाडी रात्रभर उघड्यावर उभी राहिल्यानंतर तपासावे. चकचकीत दांडीवर तेलाचा ओशटपणा दिसला तर सील गेले असे खुशाल धरून चालावे. एक शक्यता अशीही असते की शॉकर धडधाकट असतो आणि त्याच्या टोकाचा गोल बोल्ट सैल झालेला असतो. तो हाताने हलवून पाहावा. नुसत्या पान्याने काम भागले तर उत्तमच.

आता स्वस्त उपाय. सर्वांत जुना आणि माझ्या मते सर्वांत भरवशाचा म्हणजे टेकूची काठी. गाडीच्या बॉनेटला आपण तेच करतो: एक लोखंडी काडी उभी केली की बॉनेट वर राहते, आणि तिच्यातून कोणताही वायू निसटत नाही. आम्ही सातपुड्याच्या बाजूने बाजारात येणाऱ्या बांबूंतील एक जाड, भरीव तुकडा घेतला. घरच्या एकाला दार धरायला सांगून, डिकी पूर्ण उघडण्याच्या दोन बोटे अलीकडे असताना, खालच्या चौकटीच्या कोपऱ्यापासून दाराच्या आतल्या लोखंडी कडेपर्यंत सुतळीने माप घेतले आणि त्या मापाने बांबू कापला. दोन्ही टोकांना जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे ताणून बांधले, म्हणजे रंग खरवडत नाही आणि काठी घसरत नाही. वरचे टोक काचेला किंवा प्लॅस्टिकच्या आवरणाला कधीही टेकवू नये. काठी बिजागरीपासून जितकी दूर, तितका तिच्यावर भार कमी. पंधरा किलोचे दार आडवे असताना अगदी कडेला टेकवलेल्या काठीवर जेमतेम निम्मे वजन येते. बिजागरीजवळ आखूड काठी लावली तर तिला त्याच्या कितीतरी पट पेलावे लागते. तेव्हा आखूड काठी डिकीत ठेवायला सोयीची म्हणून मोहात पडू नये.

काठीचा एक दोष आम्हाला फाल्गुनात कळला. काठी दाराला फक्त वर ढकलून धरते. वावटळीने दार किंचित उचलले की काठी मोकळी होऊन पडते, आणि मागोमाग दार. कट्टा बाहेर ओढताना तिला धक्का लागला तरी तेच. म्हणून तिच्या दोन्ही टोकांशी दोरीचे फासे करून एक वर दाराच्या आतल्या मुठीला आणि दुसरा खाली कुलपाच्या कडीला अडकवावा. शिवाय काठीला लाल फडके बांधावे. काठी तशीच ठेवून कोणी घाईत दार आपटले तर काच तरी फुटते किंवा बिजागरी तरी वाकते.

दुसरा उपाय पाइपचा. डिकी पूर्ण उघडून शॉकरची जेवढी चकचकीत दांडी बाहेर दिसते तेवढ्या लांबीचा, नळजोडणीच्या अर्ध्या इंची जाड पाइपचा तुकडा कापावा, त्याला उभी चीर द्यावी आणि दांडीवर बाजूने बसवावा. दांडी आत मावली पाहिजे, पण जाड नळी मावता कामा नये. तरच नळीचा काठ पाइपवर अडेल आणि दार खाली येणार नाही. भार आला की चीर फाकू पाहते, म्हणून वरून दोरीचे दोन वेढे किंवा पाण्याच्या नळीला लावतात ती होज क्लिप आवळावी. हा उपाय दिसायला सुबक आहे, डिकीत जागाही खात नाही. मात्र दार लावण्यापूर्वी पाइप काढावाच लागतो, आणि घरात चार माणसे गाडी वापरत असतील तर कोणीतरी विसरणार हे गृहीत धरावे. तो राहिला असता जोराने दार ओढल्यास शॉकरची बैठकच उखडते. आमच्या घरी याच कारणाने पाइप बाद झाला.

दांडीवर लॉक होणारी पक्कड लावून काम भागवणारे लोक मी पाहिले आहेत. पक्कडीच्या दातांचे ओरखडे दांडीवर उमटतात आणि तेच ओरखडे मग सील फाडतात. शॉकर फेकायचाच ठरला असेल तर चालेल. उरलेले आयुष्य टिकवायचे असेल तर मुळीच नाही. दांडीला ग्रीस चोपडण्याचाही सल्ला मिळतो. गेलेला वायू ग्रीसने परतत नाही, उलट काळ्या मातीची धूळ आणि आपल्याकडची मिरचीची पूड तिथे चिकटून सीलला घासत राहते. कोरड्या मऊ फडक्याने पुसणे एवढेच पुरे. नळीला भोक पाडून पुन्हा वायू भरून देणारेही भेटतात. मी त्या वाटेला जाणार नाही आणि वाचकांनीही जाऊ नये. कमजोर झालेल्या शॉकरमध्येही दाब शिल्लक असतो.

हे सारे टेकू काही दिवसांचे. शेवटी जोडी बदलणेच आले, आणि ते घरच्या घरी पाव तासात होते. जुन्या नळीवरील क्रमांक व न्यूटनचा आकडा पाहून नेमक्या त्याच गाडीची जोडी घ्यावी. "जास्त दमाचा" शॉकर घेतल्यास दार लावताना ताकद लागते आणि बिजागरीवर ताण येतो. काढण्यापूर्वी मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. एकाने डिकी धरावी किंवा काठी लावावी, आणि दोन्ही शॉकर एकाच वेळी सोडू नयेत. टोकाच्या वाटीवर पोलादी तारेची किंवा पट्टीची क्लिप असते. बारीक पेचकसाने ती थोडीशीच उचलली की वाटी गोल बोल्टवरून निघते. नवी वाटी हाताने दाबली की टक् असा आवाज करून बसते. दार बंद असताना चकचकीत दांडीचे टोक खालच्या बाजूला राहील असे पाहावे, म्हणजे आतले तेल सीलपाशी उतरते आणि शॉकर अधिक काळ टिकतो.

आमचे काम त्या मुलानेच केले. मी दार धरून उभा होतो. दहाव्या मिनिटाला हात भरून आले आणि मी डोके टेकवावे की काय असा विचार करू लागलो. त्याने ते पाहिले, हसला आणि बांबू पुढे केला. जुने शॉकर भंगारवाल्याला देताना त्यांत दाब आहे, कापू नका, भट्टीत टाकू नका, असे बजावून सांगितले. बांबू अजून डिकीतच आहे.