पिशवीतला माल आणि कंपनीचे गुण



या अंकात एक यादी छापावी, अशी सूचना आमच्या बैठकीत आली होती. समलिंगी आणि ट्रान्स कर्मचाऱ्यांना बरोबरीनं वागवणाऱ्या कंपन्या कोणत्या, न वागवणाऱ्या कोणत्या, हे कळलं तर साबणापासून मोबाइलपर्यंतची खरेदी बायका त्याप्रमाणे ठरवतील. सूचना मला मनापासून आवडली. तरी यादी छापलेली नाही. का, ते सांगते.

अमेरिकेत अशी यादी आहे. ह्यूमन राइट्स कॅम्पेन ही संघटना २००२ पासून मोठ्या कंपन्यांना शंभरपैकी गुण देते. नियमावलीत भेदभावाला मनाई आहे का, जोडीदाराला आरोग्यविमा मिळतो का, असे निकष. पहिल्या वर्षी पैकीच्या पैकी गुण १३ कंपन्यांना मिळाले, पुढं हा आकडा शेकड्यांत गेला. गुणांवरून कुठं खरेदी करावी याची पुस्तिकाही निघे. समलिंगी वा ट्रान्स आहे म्हणून नोकरीवरून काढायला तिथं देशभर मनाई झाली ती २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं. तोवर कित्येक राज्यांत कंपनीची नियमावली हाच काय तो आधार होता, त्यामुळे या यादीला मी नावं ठेवणार नाही. पण ती बरीचशी कंपन्यांनीच भरून दिलेल्या माहितीवर उभी असते. आणि २०२४ साली राजकारणाचं वारं फिरताच फोर्ड, लोज, मोल्सन कूर्स अशा कंपन्या तिच्यातून सरळ बाहेर पडल्या.

यातल्या कूर्सची गोष्ट मुळातून सांगण्यासारखी आहे. (उदाहरण बिअरचं आहे. बाटली आडवी करण्यात हयात घालवलेल्या मैत्रिणींनी मोठ्या मनानं घ्यावं.) सत्तरच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत बिअर वाहून नेणाऱ्या ट्रकड्रायव्हरांचा लढा चालू होता. त्यांच्या युनियनचे अ‍ॅलन बेअर्ड, हार्वे मिल्क या समलिंगी कार्यकर्त्याकडे मदत मागायला गेले. मिल्कनी अट घातली: तुमच्या ट्रकवर समलिंगी ड्रायव्हरही घ्या. बेअर्डनी ती मानली आणि समलिंगींच्या वस्तीतल्या बारमधून कूर्स हद्दपार झाली. कंपनीत नोकरी मागणाऱ्याला खोटं पकडणाऱ्या यंत्रापुढं बसवून खासगी प्रश्न विचारत, ही चीडही होतीच. मेक्सिकन वंशाच्या कामगारांच्या संघटनांचा बहिष्कार तर त्याआधीपासून होता. १९७७ मध्ये कारखान्यात संप झाला, देशातल्या कामगार संघटनांच्या महासंघानं बहिष्कार पुकारला, तो १९८७ पर्यंत चालला. १९९५ मध्ये याच कंपनीनं समलिंगी जोडीदारांना विम्याचा लाभ दिला.

म्हणजे तिथं ग्राहकाच्या बहिष्कारामागं कामगार उभा होता, आत काय चाललंय ते त्याच्याकडून कळत होतं. गुणांच्या तक्त्यात हे मिळत नाही. शंभर गुणांच्या ऑफिसात संडास धुणारी बाई कंत्राटदाराची असते. तिला जोडीदाराचा विमा सोडा, स्वतःचा तरी असतो का?

आपल्याकडं ३७७ कलमाचा निकाल २०१८ साली लागला. ट्रान्स व्यक्तींशी नोकरीत भेदभाव करायला २०१९ च्या कायद्यानं मनाई केली. लेस्बियन मुलीला खासगी नोकरीत स्पष्ट संरक्षण देणारा तसा कायदा मात्र झालेला नाही. आणि नुसती नोकरी देऊनही भागत नाही. २०१७ मध्ये कोची मेट्रोनं ट्रान्स व्यक्तींना कामावर घेतलं, कौतुक झालं, आणि थोड्याच दिवसांत त्यातल्या काहींनी काम सोडलं, कारण शहरात कुणी त्यांना खोली भाड्यानं देईना. कंपनीला गुण द्यायचे, तर घरमालकाला किती द्यायचे?

तेव्हा यादीऐवजी दुसरं काम सुचवते, आणि ते आपल्याच हातातलं आहे. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यानुसार कंपन्यांच्या तक्रार समितीवर बाहेरची सदस्य घ्यावी लागते. आपल्यापैकी कितीतरी जणी अशा समित्यांवर आहेत. वर्षातून एकदा चहा-बिस्किटं खाऊन अहवालावर सही करून आपण परत येतो. या वेळी तिथं विचारा: मैत्रिणीबरोबर राहणाऱ्या मुलीनं साहेबाविरुद्ध तक्रार केली आणि उलटतपासणीत तिचं राहणं बाहेर काढलं गेलं, तर समिती काय करेल? तिच्या घरी बातमी जाणार नाही याची जबाबदारी कुणाची? ट्रान्स स्त्रीची तक्रार घेणार की पहिल्यांदा कागद मागणार? कंत्राटी बायकांना समिती आहे हे तरी माहीत आहे का?

काय उत्तरं मिळाली ते लिहून पाठवा. पुढच्या अंकात तीच छापू. कुठल्याही कर्मचारी स्त्रीचं नाव किंवा ती ओळखू येईल असा तपशील पत्रात नको.