आठ बिटांचा नवा बाजार आणि जडसंग्रहातील जुना धडा

चाळीस वर्षांपूर्वीच्या आणि केव्हाच कालबाह्य ठरलेल्या आठ बिटी घरगुती संगणकांना सध्या नवा बहर आला आहे. १९८२ साली बाजारात आलेल्या 'झेडएक्स स्पेक्ट्रम'ची रबरी कळांसह हुबेहूब नवी आवृत्ती ब्रिटनमधील रेट्रो गेम्स या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये विक्रीस आणली. पाठोपाठ २०२५ मध्ये 'कमोडोर' हे नाव नव्या मालकांकडे गेले आणि 'कमोडोर ६४ अल्टिमेट' या यंत्राची घोषणा झाली. जुन्या यंत्रांसाठी नवे सुटे भाग तयार होत आहेत, नवे खेळ आणि नव्या आज्ञावल्या लिहिल्या जात आहेत. युरोप-अमेरिकेतील हौशी मंडळींचा हा खेळ आपल्याकडील वाचकाला दूरचा वाटेल. मात्र सरकारी शाळांत पन्नास हजार नव्या प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा झालेली असताना या खेळातून घेण्यासारखा एक धडा आहे आणि तो लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्यांसाठी अधिक मोलाचा आहे.

नवे काय आहे?

या पुनरागमनाचे तीन पदर आहेत. पहिला, जुने यंत्र जिवंत ठेवणाऱ्या सुट्या भागांचा. त्या काळी आज्ञावल्या ध्वनिफितीवर साठविल्या जात आणि टेपरेकॉर्डरवरून त्या संगणकात उतरविण्यास काही मिनिटे लागत. आता 'स्पेक्ट्रम'ला 'डिव्हएमएमसी'सारखी जोडणी लावली की मोबाईलमधील मेमरी कार्ड तेच काम क्षणात करते. 'बीबीसी मायक्रो' या संगणकाला बाहेरून दुसरा प्रोसेसर जोडण्याची सोय मुळातच होती. हौशी अभियंत्यांनी तिथे आज 'रास्पबेरी पाय' हा तळहाताएवढा संगणक बसविला आहे.

दुसरा पदर नव्या यंत्रांचा. अंतर्गत जोडण्या हव्या तशा बदलता येणारी 'एफपीजीए' ही चिप घेऊन तीत जुन्या संगणकाची संपूर्ण रचना उतरविली जाते. 'झेडएक्स स्पेक्ट्रम नेक्स्ट' हा संगणक याच मार्गाने घडला. त्यासाठी २०१७ मध्ये चाहत्यांकडून सात लाख पौंडांहून अधिक आणि २०२० मधील दुसऱ्या फेरीत अठरा लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी राहिली. तिसरा पदर आज्ञावल्यांचा. आजच्या संगणकावर 'सी' भाषेत लिहिलेली आज्ञावली जुन्या झेड-८० प्रोसेसरला समजेल अशा रूपात आणणारी साधने विनामूल्य उपलब्ध आहेत आणि त्यांच्या बळावर नवनवे खेळ निघत आहेत.

या उत्साहाला चिंतेची किनारही आहे. १९७६ पासून बनत असलेल्या मूळ झेड-८० चिपचे उत्पादन थांबविण्याचे झायलॉग कंपनीने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले आणि शेवटच्या मागण्यांसाठी त्याच वर्षीच्या जूनपर्यंत मुदत दिली. दुसऱ्या घराण्यातील ६५०२ चिपची सुधारित आवृत्ती मात्र अमेरिकेतील वेस्टर्न डिझाइन सेंटर अजूनही विकते. जुनी यंत्रे दुरुस्त होऊ शकतात याचे श्रेय या पुरवठ्याला आणि दशकानुदशके जपलेल्या आराखड्यांना आहे. 'स्पेक्ट्रम'चे हक्क १९८६ मध्ये ॲमस्ट्रॅड कंपनीकडे गेले. संगणकाच्या पोटातील कायमस्वरूपी आज्ञावली इतरांनी अनुकरण-यंत्रांसाठी वितरित करण्यास या कंपनीने १९९९ मध्ये मुभा दिली. ती मिळाली नसती, तर पुढील बरेचसे काम चोरट्या वाटेने करावे लागले असते.

भारतातील पहिली लाट

आठ बिटी संगणक भारताला अपरिचित नव्हते. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने 'स्पेक्ट्रम प्लस'ची परवानाप्राप्त भारतीय आवृत्ती १९८६ मध्ये बाजारात आणली होती. त्याहून मोठा प्रयोग सरकारी होता. केंद्र सरकारने १९८४-८५ मध्ये 'क्लास' या नावाने शालेय संगणक साक्षरतेचा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला आणि त्यासाठी ब्रिटिश शाळांतील 'बीबीसी मायक्रो' निवडला. राज्य सरकारांमार्फत सुमारे बारा हजार संगणक माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांना मिळाले. एकूण २,५९८ शाळा या संगणकांच्या कक्षेत आल्या.

हाच संगणक मोहालीच्या 'सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स' या सरकारी उपक्रमाने 'युनिकॉर्न' या नावाने भारतात बनविला. याच कारखान्याला फेब्रुवारी १९८९ मध्ये भीषण आग लागली आणि देशाच्या चिपनिर्मितीचे स्वप्न कित्येक वर्षे मागे पडले. पुढे ही संस्था अंतराळ विभागाकडे गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीत गाजावाजाने सादर झालेला ३२ बिटी 'विक्रम' प्रोसेसर तिच्याच सहभागातून साकारला आहे.

'बीबीसी मायक्रो'ची निवड तांत्रिकदृष्ट्या चुकीची म्हणता येणार नाही. ३२ किलोबाइट स्मृती, बाह्य उपकरणे जोडण्याची भरपूर सोय आणि सुरू करताच समोर येणारी बेसिक भाषा ही त्याची बलस्थाने होती. तो घडविणाऱ्या एकॉर्न कंपनीच्या अभियंत्यांनी पुढे १९८५ मध्ये 'आर्म' प्रोसेसर सिद्ध केला. आज जवळपास प्रत्येक मोबाईलमध्ये त्याच घराण्याचा प्रोसेसर असतो. ब्रिटनमध्ये 'बीबीसी मायक्रो'वर वाढलेल्या पिढीनेच २०१२ मध्ये 'रास्पबेरी पाय' आणला.

भारतात तसे घडले नाही. आठव्या पंचवार्षिक योजनेत 'क्लास'ला केंद्रपुरस्कृत योजनेचे रूप मिळाले, जुन्या शाळांना देखभालीसाठी वार्षिक अनुदान देण्यात आले आणि आणखी २,३७१ शाळांत नवे संगणक बसले. परंतु यंत्र शाळेपर्यंत पोहोचविण्यावर जेवढा भर होता, तेवढा ते उघडून दुरुस्त करू शकणारा माणूस आणि मातृभाषेतील पुस्तिका निर्माण करण्यावर नव्हता. सरकारी शाळेत बंद पडलेल्या वस्तूचा प्रवास ठरलेला असतो: जडसंग्रह नोंदवहीतील एक ओळ, कुलूपबंद कपाट आणि अखेरीस निर्लेखन.

मराठवाड्याची वेगळी वाट

शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्यांत आठ बिटी संगणकाविषयी स्मरणरंजन नाही, कारण घरगुती संगणकांची ती लाट येथवर पोहोचलीच नव्हती. येथील बहुसंख्यांची संगणकाशी पहिली भेट २००२ नंतर 'एमएस-सीआयटी'च्या केंद्रात आणि तीही 'विंडोज'च्या खिडक्यांतून झाली. ज्या काळात ग्रामीण मराठवाडा दिवसाचे कित्येक तास भारनियमनात काढत होता, त्या काळात संगणक म्हणजे काय याआधी संगणक सुरू केव्हा होणार, हा प्रश्न असे.

आठ बिटी चिप मात्र वेगळ्या वेशात आली होती. नव्वदीच्या दशकात जत्रेत आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणाऱ्या 'टीव्ही गेम'च्या पोटात ६५०२ घराण्यातीलच चिप होती. मारिओ आणि काँट्रा खेळणाऱ्या मुलांच्या हाती वास्तविक एक संगणक होता. त्याला आज्ञा देण्याची वाट तेवढी बंद होती. दुसरा वेश प्रयोगशाळेतला. अभियांत्रिकी महाविद्यालये आणि तंत्रनिकेतनांतील विद्यार्थ्यांच्या पिढ्या १९७६ सालच्या ८०८५ प्रोसेसरच्या संचावर अंकी कळा दाबत शिकल्या.

वापरणारा एक आणि समजून घेणारा दुसरा, अशी ही विभागणी आहे. तालुक्याच्या गावातील शाळकरी मुलाच्या वाट्याला आजही बहुतेकदा पहिलीच बाजू येते.

देवनागरीची कसोटी

आठ बिटी यंत्रांवर मराठी कधीच सुखाने नांदली नाही, याचे कारण तांत्रिक आहे. या संगणकांत एक अक्षर सामान्यतः आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत बसविले जाई. रोमन अक्षराला ती पुरते. देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांटी आणि रफार, तर खाली उकार हवा. मधल्या चार-पाच ओळींत 'क्ष' आणि 'ज्ञ' ओळखू येणे कठीण. शिवाय '४८ के स्पेक्ट्रम'वर वापरकर्त्याला स्वतःची अवघी एकवीस अक्षरचिन्हे घडविण्याची थेट सोय होती. मराठीतील व्यंजनेच त्याहून अधिक.

साठवणुकीची अडचण मात्र नव्हती. १९९१ च्या 'इस्की' या भारतीय मानकाने देवनागरीची वर्णमाला आठ बिटांच्या संकेतात बसविली होती. अडचण होती ती दाखविण्याची. नव्या यंत्रांतील वाढीव स्मृती आणि उत्तम चित्रक्षमता ती सहज दूर करू शकते. अक्षर कसे घडते, काना-मात्रा संगणक कुठे ठेवतो, हे एखाद्या विद्यार्थ्याने ठिपका ठिपका मांडून स्वतः पाहणे हा संगणकशास्त्राचा उत्तम पहिला पाठ ठरेल.

खर्च कशावर?

येथे चालू घडामोडींचा संबंध येतो. पाच वर्षांत सरकारी शाळांत पन्नास हजार 'अटल टिंकरिंग लॅब' उभारण्याची घोषणा २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. याआधीच्या अटल प्रयोगशाळांसाठी प्रत्येक शाळेला वीस लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद होती. या प्रयोगशाळांत हटकून दिसणारा 'अर्डुइनो उनो' हा फलक आठ बिटी चिपवरच चालतो. त्याची स्मृती जेमतेम दोन किलोबाइट, म्हणजे 'बीबीसी मायक्रो'च्या सोळाव्या हिश्श्याएवढी. आठ बिट शाळेत परत आलेच आहेत. त्यांचे काय करायचे, हा खरा प्रश्न आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या युगात मुलांना जुनाट तंत्र कशाला, हा आक्षेप रास्त आहे. आठ बिटांवर कोणाची नोकरी ठरणार नाही. परंतु आजचा मोबाईल संपूर्णपणे समजून घेणे एका माणसाच्या आवाक्यातले राहिलेले नाही. ३२ किलोबाइटचा संगणक दहावीच्या जिद्दी विद्यार्थ्याला आराखड्यापासून आज्ञावलीपर्यंत समजू शकतो. परदेशी यंत्रे शाळांसाठी आयात करावीत, असा याचा अर्थ नाही. आयात शुल्क आणि वाहतूक खर्च धरता ती चैन ठरेल.

घेण्याजोगी आहे ती त्या हौशी मंडळींची रीत. चाळीस वर्षांचे यंत्र आज चालते, कारण त्याचा विद्युत आराखडा उपलब्ध आहे, भाग बदलता येतात आणि दुरुस्ती शिकविणारी माणसे आहेत. नव्या प्रयोगशाळांची खरेदी करताना हेच तीन निकष लावता येतील: आराखडा खुला असलेलेच संच घ्यावेत, अनुदानाचा ठरावीक हिस्सा सुट्या भागांसाठी राखावा आणि संचासोबत मराठी पुस्तिका अनिवार्य करावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांकडे जवळच्या शाळांची दुरुस्ती सोपविली, तर दोघांचेही शिक्षण होईल.

आणखी एक काम तातडीचे आहे. 'क्लास' काळातील एखादे यंत्र, त्याची पुस्तिका किंवा तबकडी ज्या शाळेच्या कपाटात अद्याप असेल, तिथे निर्लेखनापूर्वी त्याची नोंद आणि प्रत व्हावी. भारतीय शालेय संगणकाचा इतिहास भंगाराच्या वजनावर विकला गेला, तर तो परत मिळणार नाही.

बारा हजार संगणकांनी जे साधले नाही, ते पन्नास हजार प्रयोगशाळांनी साधावे, ही अपेक्षा आहे. त्याची परीक्षा उद्घाटनाच्या दिवशी होणार नाही. पाच वर्षांनी शिरूर अनंतपाळच्या एखाद्या शाळेतील फलक बंद पडेल, तेव्हा विद्यार्थी तो उघडून बसतात की मुख्याध्यापक जडसंग्रहाची वही उघडतात, यावर तिचा निकाल ठरेल.